घरच्या घरी ट्यूब फ्लाय : रिफिल, दाभण, गंगावन आणि खाडीतला जिताडा

शास्त्रीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एक चांगला फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष, बांधायला मला तास लागतो आणि खाऱ्या पाण्यात त्याचा गळ तीन फेऱ्यांत गंजतो. पिसं, केस, जर सगळं धड असतं, पण गळाचं टोक गेलं की अख्खा फ्लाय बाद. असे फ्लाय दोन वर्षं डब्यात साठत गेले, टाकवत नव्हते. शेवटी ट्यूब फ्लायकडे वळलो. गेले सहा महिने जे प्रयोग चालले आहेत ते इथे मांडतो, कारण एका जागी मी अडकलो आहे आणि मला मदत हवी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीचा फ्लाय गळाच्या दांडीवर बांधतात, ट्यूब फ्लाय पोकळ नळीवर. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, नळीतून ओवायचा, त्याच्या टोकाला गळ बांधायचा आणि गळाचं नेढं नळीच्या मागे लावलेल्या मऊ नळकांड्यात दाबून बसवायचं. मासा लागला की गळ तिथून सुटतो आणि नळी लीडरवरून वर सरकते. त्यामुळे माशाने झटके दिले तरी लांब दांडीची तरफ होत नाही, गळ तोंडात टिकतो आणि फ्लायचं चावून वाटोळं होत नाही. गळ गंजला तर गळच बदलायचा. बोटाएवढ्या लांब फ्लायला आखूड गळ चालतो, हा आणखी एक फायदा.

परदेशी सामान महाग पडतं आणि पार्सल येईपर्यंत दोन उधाणं निघून जातात. म्हणून जे काही वापरलं ते सगळं रत्नागिरीच्या बाजारातलं.

नळीसाठी सुरुवातीला कान कोरायच्या बड्सच्या प्लॅस्टिक कांड्या वापरत होतो. १ जुलै २०२२ पासून त्यांच्यावर देशभर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती, आमच्या पुळणीवर त्या कांड्यांचा सडा असायचा. आता रिकामी रिफिल वापरतो. टोक कापायचं, नळी रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवायची, सकाळी आतून सुती दोरा दोन-चार वेळा ओढायचा. शाई पूर्ण निघते.

पण रिफिलची एक खोड आहे. ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि तिला कुठलाच गोंद धरत नाही, फेव्हिक्विकसुद्धा नाही. माझे पहिले चार फ्लाय पहिल्याच दिवशी नळीवरून मोज्यासारखे निघून आले. आता नळी बारीक पॉलिश पेपरने खरवडतो, आधी दोऱ्याचा घट्ट थर देतो आणि दोन्ही टोकं लायटरच्या ज्योतीजवळ क्षणभर धरतो. ज्योतीला लावायचं नाही, नुसती जवळ न्यायची. प्लॅस्टिक वळून बारीक ओठ तयार होतो आणि बांधणी त्याच्या पलीकडे घसरत नाही.

बांधताना फ्लाय धरून ठेवायला व्हाइस (शिकंजा) नाही. गोणी शिवायच्या दाभणाला लाकडी मूठ ठोकली, ती मूठ टेबलाच्या खणात घालून खण गुडघ्याने दाबून ठेवतो. दाभण टोकाकडे निमुळतं असल्यामुळे नळी त्याच्यावर सरकवली की जिथे घट्ट होते तिथे थांबते. दोरा ओढताना नळी फिरायला लागली तर अर्धा सूत आणखी आत ढकलायची. सहा महिन्यांत दाभणाची ती जागा घासून चकचकीत झाली आहे.

पंखाला बोकडाच्या शेपटीचे केस. खाटकाला सांगून ठेवलं की तो शेपट्या बाजूला काढतो. मीठ-तुरटी लावून वाळवायच्या, शाम्पूने धुवायच्या. लांब पंख हवा असेल तर काळं नायलॉनचं गंगावन. मानेच्या पिसांसाठी गावठी कोंबडा. ब्रॉयलरची पिसं ओली झाली की लोळागोळा होतात. अंगाला चमक हवी म्हणून बादला, म्हणजे जरीकामातली चपटी तार.

आता अडचण. फ्लाय हातात सुरेख दिसतो, पण पाण्यात कुशीवर झोपतो. घरच्या विहिरीत, पायरीवर बसून, दोन-दोन हात ओढून पाहिलं. जोरात ओढला की स्वतःभोवती फिरतो आणि लीडरला पीळ पडतो. केस निम्मे केले, फिरणं कमी झालं पण कूस सुटली नाही. मग नळीभोवती तांब्याची तार गुंडाळली. फ्लाय बुडाला, पण बुडाला तोही कुशीवरच. कोळंबी किंवा बोयचं पिल्लू असं पोहत नाही, आणि जिताडा ते बघून मागे फिरतो. दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

काय चुकतंय?

---

अॅबर्डीनकर

दादा, वाचून फार आनंद झाला. तुम्ही ज्या गोष्टीशी झटताय ती जन्मली तिथेच मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं राहतोय. १९४५ च्या सुमारास इथे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये चार्ल्स प्लेफेअर कंपनीत फ्लाय बांधणाऱ्या एका बाईंनी टर्कीच्या पिसांचे देठ पोकळ करून त्यांच्यावर सॅमन माशासाठी फ्लाय बांधले. ट्यूब फ्लायची सुरुवात ती. म्हणजे पहिली नळीसुद्धा घरगुतीच होती.

बोकडाच्या केसांबद्दल निश्चिंत राहा. इथला सगळ्यात नावाजलेला लांब काळ्या पंखाचा ट्यूब फ्लाय म्हणजे सनरे शॅडो. त्याचा पंख मुळात कोलोबस माकडाच्या केसांचा असायचा, आज सर्रास बोकडाचे केस वापरतात. कॉली डॉग नावाचाही एक फ्लाय आहे, नावाप्रमाणे तो मेंढ्या राखणाऱ्या कॉली कुत्र्याच्या लांब केसांचा.

केस निम्मे केलेत ना, आणखी निम्मे करा. इथे जुन्या माणसांच्या पेटीतले फ्लाय पाहिले की वाटतं बांधायचे राहूनच गेलेत. केसांमधून पलीकडचं दिसलं पाहिजे. कोरडा फ्लाय बघून ठरवू नका, ओला करून बोटांनी निथळून मग बघा.

इथे फेब्रुवारीत डी नदी बर्फाच्या पाण्याने भरून वाहते, तेव्हा पितळी आणि तांब्याच्या नळ्या वापरतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की छोट्या प्लॅस्टिकच्या. तुमची रिफिल पाण्यापेक्षा हलकी आणि मागचा गळ पोलादी. हळू ओढाल तेव्हा शेपूट खाली लोंबणारच. कुशीचं कारण मात्र वेगळं असावं, त्यावर जाणकार सांगतील.

---

थंडगार

आमचं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. तांब्याची नळी हवी असेल तर तुमच्या गावच्या कुठल्याही फ्रिज मेकॅनिककडे कॅपिलरी ट्यूबचा तुकडा मागा. बाहेरून साधारण दोन मिलिमीटर जाड, आतून एक मिलिमीटरच्या आसपास. दुरुस्तीत उरलेले तुकडे आम्ही भंगारात टाकतो.

पक्कडीने तोडू नका, भोक चेपून बंद होतं. आम्ही त्रिकोणी कानशीने नळीला गोल खाच पाडतो आणि हाताने अलगद मागे-पुढे वाकवून मोडतो. भोक मोकळं राहतं. पण मोडलेली कड वस्तऱ्यासारखी असते, तुमचा दोरा तिच्यावर टिकणार नाही. दाभणाचं टोक दोन्ही बाजूंनी घालून फिरवा, कड आतून घासली जाईल. मग कापसाचा बोळा ओढून पाहा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासा.

---

जरतारी

मी फ्लाय बांधत नाही, भरतकाम शिकवते. माझा भाऊ गळ टाकतो, त्याने हा धागा दाखवला.

बादला कुठला घेतलात? दुकानात जो स्वस्त मिळतो तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या फितीवर चमक चढवलेला असतो. तो काळा पडत नाही, खाऱ्या पाण्याला बरा. तांब्यावर मुलामा दिलेला घेतलात तर काही दिवसांत काळवंडेल. अंगावर आडवे वेढे द्यायचे असतील तर बादल्याऐवजी कलाबतू वापरून बघा. रेशमी किंवा सुती दोऱ्यावर गुंडाळलेली जर असते ती. गोलसर असल्यामुळे वेढे उठून दिसतात आणि दात लागला तर बादल्यासारखी पटकन तुटत नाही.

एक सूचना. शेवटचा वेढा देताना जर हातात पिळली जाते आणि नंतर उलगडते. प्रत्येक वेढ्याला सुईने खालच्या दोऱ्यात दाबत जा.

---

शास्त्रीकाठचा

ताई, मनापासून आभार. माझा बादला तांब्यावरचाच निघाला, डब्यातले सहाही फ्लाय काळे पडलेत. मला वाटत होतं माझ्या हाताच्या घामाने होतंय.

थंडगार, कॅपिलरी मिळाली. खाच पाडून मोडायची युक्ती पहिल्या फटक्यात जमली.

---

नाळ_आणि_सुकाणू

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला हात घालतो. मासेमारीतलं मला फार कळत नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधतात.

तुम्ही तार नळीभोवती गोल गुंडाळलीत. म्हणजे वजन चारी बाजूंनी सारखं वाढलं. फ्लायच्या दृष्टीने वर काय आणि खाली काय हे ठरलंच नाही. होडीत दगड भरताना आम्ही ते कडेने रचत नाही, पठाणावर ठेवतो, पार तळाशी, नाळेपासून मागेपर्यंत लांबीला. तुमच्या नळीलाही पठाण हवं. तार गुंडाळू नका. सरळ तुकडा पोटाखाली लांबीला ठेवा आणि त्याच्यावरून दोरा बांधा. पंख बरोबर त्याच्या उलट बाजूला, माथ्यावर.

दुसरं, मागचा गळ मऊ नळकांड्यात सैल फिरत असेल तर तो वाऱ्यावरच्या सुकाणूसारखा फ्लायला हवं तिकडे वळवणार. एकेरी गळ वापरा आणि त्याचा वाक खालच्या दिशेला घट्ट बसवा. तेवढंही वजन तळालाच जाईल.

तार किती लांब ते विहिरीत ठरवा. आमच्याकडेही होडी पाण्यात लोटल्याशिवाय तिचा कल कळत नाही.

---

गळकरी

+१. अगदी नेमकं. तीन पाकळ्यांचा गळ लावला की वर-खाली काही राहत नाही, हे मलाही आता लक्षात आलं.

मऊ नळकांड्यासाठी काय वापरताय? मी सलाईनची नळी वापरतो, पण उन्हात ती सैल पडते आणि गळ लोंबायला लागतो.

---

अॅबर्डीनकर

सलाईनची नळी म्हणजे मऊ पीव्हीसी. गंमत अशी की इथे उलटं होतं. थंड पाण्यात ती इतकी कडक होते की मासा लागला तरी गळ सुटत नाही. सिलिकॉनची नळी घ्या, मत्स्यालयाच्या दुकानात हवेच्या पंपासाठी मिळते. थंडीत आणि उन्हात दोन्हीकडे जवळपास सारखी राहते.

आणि कृपा करून दवाखान्यातली वापरलेली नळी कुणी आणू नका. मेडिकलमध्ये नवा संच फार महाग नसतो.

---

खडसवेडा

मी पुण्याचा. माझं सगळं लक्ष गोड्या पाण्यातल्या खडसावर, म्हणजे आपल्या दख्खनी महसीरवर. साइक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकांनी १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्याला टॉर खुद्री म्हणतात, आणि त्यातलं खुद्री हे आपल्याकडच्याच बोलीतल्या नावावरून आलेलं. आज त्याच मुठेच्या पुलावरून खाली पाहिलं की फार वाईट वाटतं.

ट्यूब फ्लाय मला आवडायचं कारण तुमच्यापेक्षा वेगळं आहे. खडसाच्या जबड्यात इतकी ताकद असते की तो बारीक तारेचा गळ चेपून टाकतो. फ्लाय गळावरच बांधलेला असेल तर तोही गेला. नळीवर असेल तर जाड तारेचा आखूड गळ लावता येतो आणि फ्लाय वाचतो.

ज्यांना खडस नुसता डोळे भरून पाहायचा आहे त्यांनी महाडजवळ वाळणकोंडीला जावं. काळ नदीच्या डोहात वरदायिनीच्या नावाने राखलेले मासे हातातून चुरमुरे खातात. तिथे गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही, करूही नये. तळ्यात किंवा धरणात जाल तिथे आधी परवानगी घ्या. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची पिल्लं तयार करून नद्यांत सोडतात. इतक्या वर्षांची मेहनत आहे ती, आपण जपली पाहिजे.

---

पुळणीवरून

फार उपयुक्त धागा. एक भर घालतो. फ्लायच्या तोंडाशी छोटी चकती ओवली तर पाणी तिच्यावर आपटतं आणि मागचे केस आपोआप थरथरतात. दह्याच्या डब्याचं झाकण घ्या, कागदाला भोकं पाडायच्या पंचिंग मशीनने चकत्या पाडा आणि तापलेल्या सुईने मधोमध भोक करा. भोक जरासं जरी बाजूला गेलं तरी फ्लाय फिरायला लागतो, म्हणून दहातल्या चार चकत्या टाकून द्याव्या लागतात. गोळ्यांच्या पाकिटाचं प्लॅस्टिक वापरू नका, पहिल्याच दगडावर दुमडतं.

---

शास्त्रीकाठचा

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो कारण विहिरीत होतो.

नाळ_आणि_सुकाणू, तुमचे किती आभार मानू. कॅपिलरीच्या नळीवर पाहिलं, रिफिलवर पाहिलं, दोन्हीकडे तुमचंच म्हणणं खरं ठरलं. रिफिलची नळी चार सेंटिमीटर ठेवली. तिच्या पोटाखाली दीड मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचा तीन सेंटिमीटरचा सरळ तुकडा, दोन्ही टोकं कानशीने निमुळती केलेली. आधी मागच्या टोकापर्यंत नेला तेव्हा फ्लाय नाक वर करून पोहायला लागला. तो अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवला आणि फ्लाय सरळ झाला. पायरीवरून सोडला की पंख वर, पोट खाली, ओढ थांबवली की नाक किंचित खाली घालून बुडतो. विहिरीतले डोकडे (छोटे मासे) त्याच्या मागे लागले तेव्हाच मला धीर आला.

लाखेचा एक अनुभव. सुरुवातीला डोक्याच्या गाठीवर फर्निचर पॉलिशची चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावत होतो. दिसते सुंदर, पण दिवसभर पाण्यात राहिली की पांढरी पडते. आता नखांचं साधं पारदर्शक पॉलिश, दोन हात, मध्ये एक रात्र सुकू देऊन.

अमावस्येला सुट्टी काढली. दुपारी साडेबाराच्या पुढे ओहोटी लागली. आमच्या बाजूला तिवरांमधून एक व्हाळ खाडीत उतरतो. पाणी ओसरायला लागलं की कोळंबी आणि बोयची पिल्लं त्यातून बाहेर येतात आणि जिताडा तोंडाशी वाट बघत उभा राहतो. पहिला तास काही नाही. चिखलात गुडघाभर उभा होतो, पाण्याचा रंग चहासारखा. मग फ्लाय व्हाळाच्या काठाला, मुळांच्या अगदी जवळ पडला. दोन वेळा ओढला, थांबलो. नाक खाली घालून बुडत असेल तेवढ्यात तो ओळखीचा आवाज आला, रिकाम्या कळशीत पाणी शिरावं तसा. जिताडा घास असा ओढून घेतो.

तो तिवरांकडे वळला आणि मी त्याला वळू दिलं नाही, एवढंच सांगतो. हातात आला तेव्हा फ्लाय लीडरवर वीतभर वर सरकलेला होता, एक केस तुटला नव्हता. गळ जबड्याच्या कोपऱ्यात. लीडरचा शेवटचा हातभर भाग मात्र खरखरीत झाला होता, त्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात. तो कापून टाकला.

साधारण दोन किलोचा होता. घरी नेला, आईने कोकमाची आमसुलं घालून केला.

---

गळकरी

अभिनंदन दादा! वर्णन वाचताना इथे माझे पाय चिखलात गेले.

---

खडसवेडा

मनापासून अभिनंदन. एक विनंती, रागावू नका. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे मासे बहुतेक माद्याच. दोन किलोचा खाल्लात, छान केलंत. पण कधी सात-आठ किलोचा लागला तर तो सोडून द्यावा असं मला फार वाटतं. तुमचा एकेरी गळ आहे, त्याचा उलटा काटा पक्कडीने चेपलात तर सोडताना जखम कमी होईल.

---

शास्त्रीकाठचा

रागवायचं काय त्यात, हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे मोठा लागला की गावभर वाटे जातात, तो मान असतो. वडिलांशी बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्यांच्या लहानपणी या व्हाळाच्या तोंडाशी हातभर लांबीचे मासे उन्हात दिसायचे. मोठा लागला तर सोडेन. काटा आजच चेपतो.

---

अॅबर्डीनकर

डीवर तर सॅमन सोडायचाच असा नदीचा नेम आहे, आणि रविवारी स्कॉटलंडभर सॅमनवर गळ टाकायला कायद्यानेच बंदी. सुरुवातीला मला जड गेलं होतं, आता रविवारी फ्लाय बांधतो. दादा, या रविवारी तुमच्या पद्धतीने पठाण घातलेला एक बांधला, पितळी तार, वर इथल्याच बोकडाचे केस. इथे बहुतेकजण तीन पाकळ्यांचाच गळ लावतात त्यामुळे कुशीचा प्रश्न कुणी फारसा काढत नाही. एकेरी गळासाठी मला हा प्रकार चांगला वाटतोय. गळ कितव्या नंबरचा लावलात?

---

शास्त्रीकाठचा

एक नंबरचा, आखूड दांडीचा, स्टेनलेसचा. नेढं सरळ असलेला घ्या. वाकड्या नेढ्याचा गळ सिलिकॉनमध्ये तिरका बसतो आणि फ्लाय पुन्हा डावीकडे कलतो, मी कालच पाहिलं.